एकच सेट, पण शेवटपर्यंत नेलेला

आठवड्यातून पाच दिवस, दर वेळी दीड तास आणि प्रत्येक स्नायूसाठी ढीगभर सेट (सेट म्हणजे न थांबता सलग केलेली एक फेरी), असाच व्यायाम मी बरीच वर्षं करत आले. आता आठवड्यातून दोनदा जाते, प्रत्येक मशिनवर एकच सेट, पण ताकद संपेपर्यंत करते, अर्ध्या तासाच्या आत मोकळी होते, आणि तरी लेग प्रेसवरचं (पायांनी वजन ढकलायच्या मशिनवरचं) वजन चढतंच आहे. या ट्रेनिंगबद्दल लिहायचं कारण असं, की बाहेरून बघणाऱ्याला तिथे काहीच दिसत नाही. मोजकी मशिन, एक स्टॉपवॉच, एक क्लिपबोर्ड. गाणी नाहीत, आरसे नाहीत. खोली मुद्दाम थंड ठेवलेली.

लेग प्रेसचंच सांगते. वजन ढकलायला दहा सेकंद, परत आणायला दहा. झटका द्यायचा नाही, वर गुडघे ताठ करायचे नाहीत, खाली प्लेटा टेकवायच्या नाहीत. पहिली रेप, म्हणजे ढकलणं आणि परत आणणं मिळून एक खेप, सोपी जाते. तिसरीला मांड्या थरथरू लागतात आणि आपोआप दात आवळले जातात. नेमकं तेव्हाच ट्रेनर हळू आवाजात म्हणतात, "ताई, श्वास कोंडू नका. जबडा सैल." जोर लावताना श्वास रोखला की रक्तदाब एकदम उसळतो, म्हणून या एका गोष्टीवर ते अजिबात ढील देत नाहीत. पुढे वजन अर्ध्यात अडतं. तरी लगेच सोडायचं नाही, काही सेकंद ढकलत राहायचं, मग सावकाश खाली. दीड मिनिटापर्यंत टिकलं तर पुढच्या वेळी पिन एक खाच खाली जाते, म्हणजे वजन वाढतं.

एका सेटमध्ये भागतं कसं? स्नायू काम करताना शरीर आधी लहान, सहज न थकणारी मोटर युनिट (एक मज्जापेशी आणि ती चालवते ते स्नायूतंतू) वापरतं आणि मोठी, ताकदवान युनिट गरज पडेल तशी नंतर जुंपतं. सेट शेवटाकडे गेला की तीही कामाला लागतात. माझ्या जुन्या पद्धतीत पुढच्या सेटसाठी दम राखण्याच्या नादात तिथवर पोचणं क्वचितच व्हायचं.

ही कल्पना नवी नाही. आर्थर जोन्स यांनी १९७० साली नॉटिलस मशिन बाजारात आणली. त्यातला शंखाच्या आकाराचा कॅम (फिरणारी चकती) हालचालीच्या प्रत्येक टप्प्यावर भार कमीजास्त करतो. पुढे माइक मेंट्झर आणि डोरियन येट्स या शरीरसौष्ठवपटूंनी कमी सेटची पद्धत शरीरसौष्ठवाच्या मंचावर नेली, आणि येट्स १९९२ ते १९९७ सलग सहा वेळा मिस्टर ऑलिम्पिया ही शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा जिंकले. जोन्स यांनी १९७३ साली कोलोरॅडोत केलेला प्रयोग मात्र जाहिरातींत फार वापरला जातो. त्यात केसी व्हिएटर या शरीरसौष्ठवपटूने या पद्धतीने २८ दिवसांत ४५ पौंड वजन वाढवलं खरं, पण अपघात आणि आजारपणात गमावलेलंच त्यातलं बरंचसं परत आलं होतं. आमच्या ट्रेनरनी पहिल्याच भेटीत हे स्वतःहून सांगितलं, आणि माझा विश्वास तिथेच बसला.

आता जिथे कमी पडतं ते. ताकदीसाठी ही पद्धत पुरते, आकारासाठी तेवढी नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आधीपासून व्यायाम करणाऱ्या पुरुषांना आठ आठवडे प्रत्येक व्यायामाचा एक, तीन किंवा पाच सेट दिले होते. ताकद तिन्ही गटांत जवळपास सारखी वाढली, स्नायूंची जाडी मात्र जास्त सेटवाल्यांची जास्त वाढली. माझा अनुभवही तोच. पाय आणि पाठ भक्कम झाली, खांदे आहेत तसेच आहेत. व्यायामानंतर अंग फुगल्यासारखं वाटायचं, तेही गेलं, आणि सुरुवातीला त्याची फार चुटपुट लागायची.

दुसरी तक्रार बदली ट्रेनरची. आमचे ट्रेनर रजेवर असताना आलेल्या मुलाने शेवटच्या रेपला प्रेमाने मशिनच्या लिव्हरला मदतीचा हात लावला. हेतू चांगलाच होता, पण त्या दिवशी कार्डावर लिहिलेलं वजन माझं नव्हतं, आणि पुढच्या वेळी त्याच आकड्यावरून वजन वाढवल्यावर दुसरी रेपही पुरी होईना. या पद्धतीत सगळी भिस्त नोंदीवर असते. वजन, सेकंद, सीटची खाच, सगळं. मी तक्रार केली, आता हात लागला तर त्या नोंदीवर खूण करतात.

रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नका. फ्री वेट (बार, डंबेल अशी सुटी वजनं) घेऊन घरी एकट्याने हे करू नका, छातीवर बार अडकला तर उचलायला कोणी नसतं. मी चालू ठेवणार आहे. खांद्यांसाठी दोन जादा सेट मागून घेतले आहेत. ट्रेनरना ते पटलेलं नाही, तरी कार्डावर त्यांनी वेगळा रकाना आखून दिला आहे.