थेट सरपंच की सदस्यांतून सरपंच?

मावसभाऊ विचारत होता की नेमकं चांगलं काय, थेट सरपंच (गावाने मत देऊन निवडलेला) की ग्रामपंचायत सदस्यांनी निवडलेला? पुढाऱ्यांना विचारून उपयोग नाही. फडणवीस सरकारने 2017 ला थेट निवड आणली, आघाडीने 2020 ला काढली, 2022 ला शिंदे-फडणवीसांनी परत आणली. ज्याला ज्यात फायदा, तो त्याला लोकशाही म्हणतो.

खर्चाचं बघ. थेट निवडणुकीत अख्खं गाव पालथं घालावं लागतं, साध्या माणसाचा खिसा तिथेच रिकामा. सदस्यांतून असेल तर प्रचार वॉर्डापुरता, पण खरा बाजार निकालानंतर, मग सदस्यांची सहल निघते, फोन स्विच ऑफ, आणि माणसं उगवतात ती डायरेक्ट मतदानाच्या दिवशी ग्रामपंचायतीच्या दारात 😄

टिकाऊपणात मात्र थेटवाला भारी. पहिली दोन वर्षं अविश्वास ठरावच नाही, नंतरही तीन चतुर्थांश सदस्य लागतात आणि वर ग्रामसभेत गुप्त मतदान. दुसऱ्या पद्धतीत साधारण दोन तृतीयांश सदस्य फिरले की खुर्ची गेली (महिलांसाठी राखीव पदावर महिला सरपंच असेल तर तीन चतुर्थांश).

पण कामाचं काय? सरपंच एका पॅनलचा अन् बहुमत दुसऱ्याचं असं झालं की साधा गटाराचा ठरावही अडकतो, दर मासिक सभेला नुसती भांडणं.

म्हणून माझं मत, फोडाफोडीने बेजार झालेल्या मोठ्या गावाला थेट सरपंच बरा. सात सदस्यांचं छोटं, एकमेकांना धरून राहणारं गाव असेल तर सदस्यांतूनच निवडलेला परवडतो.