मुलीच्या ट्यूशनच्या नावाखाली आमच्या डोक्यावर ४८,००० चं कर्ज

आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. मिस्टर अंबडला एका कारखान्यात व्हीएमसी मशीनवर आहेत, मी घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. मुलगी तेव्हा सातवीत, सेमी इंग्लिशला. आमच्यासोबत जे झालं ते सगळं लिहून काढते आहे, कारण मागच्या आठवड्यात आमच्या पाठच्या गल्लीत पुन्हा तसाच एक मुलगा पाठीला सॅक लावून, हातात टॅब घेऊन घर विचारत फिरत होता.

सुरुवात एका ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीने शाळेच्या गेटबाहेर लावलेल्या टेबलापासून झाली. मोफत टेस्ट, मुलांना पेन्सिल आणि स्टिकर, आणि फॉर्मवर पालकांचा मोबाइल नंबर. तीन दिवसांनी फोन आला, ‘अभिनंदन मॅडम, तुमची मुलगी पहिल्या दहा टक्क्यांत आहे, आमचे काउन्सेलर रिपोर्ट द्यायला घरी येतील. सर आणि तुम्ही दोघं घरात असाल अशीच वेळ सांगा.’ दोघं लागतात हे त्यांनी दोनदा सांगितलं. तेव्हा वाटलं, किती आस्थेनं विचारतात. पुढे समजलं, एकट्या आईला गाठलं तर ती ‘ह्यांना विचारून सांगते’ म्हणते आणि तो दिवस जातो, म्हणून दोघं लागतात.

९ जुलै २०२३, रविवार. संध्याकाळी साडेसहाला तो आला आणि रात्री सव्वादहाला गेला. पंचवीस-सव्वीसचा, नीटनेटका, बोलायला गोड. मी चहा केला, पोहे केले. रिपोर्ट दोन मिनिटांत संपला. मग त्याने मुलीला समोर बसवलं आणि विचारलं, ‘३ मशीन ३ मिनिटांत ३ वस्तू बनवतात. तर १०० मशीन १०० वस्तू किती मिनिटांत बनवतील?’

ती पटकन म्हणाली, ‘१००.’

त्याने काहीच न बोलता मिस्टरांकडे पाहिलं. ‘सर, तुम्ही सांगा.’ मिस्टरही म्हणाले, शंभर.

उत्तर ३ मिनिटं. एक मशीन ३ मिनिटांत एक वस्तू बनवतं, मग शंभर मशीनं तेवढ्याच वेळात शंभर बनवणार. जो माणूस रोज आठ तास मशीनवर उभा असतो, त्याला त्याच्या लेकीसमोर मशीनचंच गणित चुकवायला लावलं. मिस्टर त्यानंतर जवळजवळ बोललेच नाहीत. पोह्याची बशी तशीच हातात धरून बसले होते. आता मला माहीत आहे की तो चकवणारा प्रश्न आहे, भलेभले त्यात चुकतात आणि सातवीच्या अभ्यासाशी त्याचा काही संबंध नाही. पण त्या खोलीत, त्या वेळी, ‘सर, बेसिक चौथीच्या लेव्हलचं आहे, आठवीत गेल्यावर फार उशीर होईल’ हे त्याचं वाक्य आम्हाला खरं वाटलं. तीन दिवसांपूर्वी हीच मुलगी पहिल्या दहा टक्क्यांत होती, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

मग तो मुलीकडे वळला. ‘बेटा, तुला मोठं व्हायचंय ना? मग मम्मी-पप्पांना सांग.’ ती माझ्याकडे बघत राहिली. ह्या गोष्टीचा राग मला पैशापेक्षा जास्त आहे. नाही म्हणायचं तर लेकरासमोर म्हणायचं, म्हणजे तुझ्यावर खर्च करायची आमची तयारी नाही असं तिला तोंडावर सांगायचं. कुठली आई ते सांगेल?

त्या ऑनलाइन शिकवणीची किंमत ६८,०००. मी म्हटलं, विचार करून उद्या सांगतो. लगेच त्याने ‘मॅनेजर सरांना’ व्हिडिओ कॉल लावला. ते म्हणाले, जिल्ह्यात दोनच सीट उरल्यात, आज रात्री बारापर्यंतच ५३,००० मध्ये देता येईल. ५,००० आता भरा, बाकी महिन्याला २,०००. ‘दिवसाचे ६७ रुपये ताई, वडापावाचे पैसे. आणि आवडलं नाही तर १५ दिवसांत सगळे परत, एक प्रश्न विचारणार नाही.’ मी मनात हिशेब केला, महिन्याला २,००० म्हणजे वीस-पंचवीस साड्यांचं फॉल-पिको जास्त करावं लागेल. करू, म्हटलं.

त्यानंतर जे झालं ते नीट वाचा, कारण खरी फसगत ह्या दहा मिनिटांत आहे. त्याने मिस्टरांचा फोन मागून घेतला. ‘सर, मी भरून देतो, फॉर्म इंग्लिशमध्ये आहे.’ आधार नंबर टाकला. पॅन कार्ड कशाला, तर बिल बनवायला. डेबिट कार्ड कशाला, तर दर महिन्याची फी आपोआप जायला. मिस्टरांचा एक सेल्फी काढला, ‘पेरेंट प्रोफाइलसाठी’. मध्ये तीन-चार ओटीपी आले, ते त्यानेच वाचून टाकले. कर्ज हा शब्द पावणेचार तासांत एकदाही उच्चारला गेला नाही. प्रत्यक्षात त्या फोनवर मिस्टरांच्या नावाने एका फायनान्स कंपनीचं ४८,००० चं कर्ज मंजूर झालं, आधारच्या ओटीपीने करारावर ई-सही झाली आणि ई-मँडेट, म्हणजे खात्यातून दर महिन्याला आपोआप हप्ता कापायची परवानगी, बँकेला गेलं. ह्यातला रुपया आमच्या खात्यात आला नाही. तो थेट शिकवणीवाल्या कंपनीला गेला. म्हणजे आपण जिला ‘महिन्याची फी’ समजतो, ती फी नसते. फी कंपनीला एकरकमी मिळून गेलेली असते आणि आपण तिसऱ्याचं कर्ज फेडत असतो. म्हणूनच क्लास बंद केला तरी हप्ता बंद होत नाही.

टॅब १८ जुलैला आला. पहिला क्लास २१ ला. ‘वन टू वन टीचर’ म्हणून सांगितलं होतं, तिथे आधीच रेकॉर्ड केलेले व्हिडिओ निघाले, तेही पूर्ण इंग्लिशमध्ये. शंका विचारायचा तास होता, त्यात इतकी मुलं होती की हिचा आवाज चालूच झाला नाही. २३ जुलैला मी त्या मुलाला फोन करून सांगितलं, आम्हाला नको, पैसे परत करा. तो चिडला नाही की काही नाही. ‘ताई, घाई करू नका, मी बॅच बदलून देतो. आणि तुमचे १५ दिवस टॅब आल्यापासून धरतात.’ रात्री त्याने हेच व्हॉट्सअॅपवर व्हॉइस मेसेज करून पाठवलं. बॅच बदलली नाही. ३१ तारखेला मी ईमेल केला तर उत्तर आलं, मुदत ऑर्डरच्या तारखेपासून होती, २४ जुलैला संपली. तो मुलगा त्यानंतर फोन उचलेना.

ऑगस्ट-सप्टेंबरचे हप्ते कापले गेले. ऑक्टोबरला खात्यात पैसे कमी होते, बँकेने मँडेट परत गेल्याचे ५९० लावले आणि वसुलीचे फोन सुरू झाले. रात्री नऊ-साडेनऊला, आणि एकदा तर माझ्या नणंदेला. त्या रात्री मुलीने झोपताना विचारलं, ‘मम्मी, मला ते मशीनचं गणित आलं असतं तर पैसे गेले नसते ना?’ मी तिला काय बोलले ते मला आठवत नाही. तिला जवळ घेऊन बराच वेळ पडून राहिले एवढं आठवतं.

आमच्या ओळखीत ग्राहक पंचायतीचं काम करणारे एक काका आहेत. त्यांच्याकडे कागद घेऊन गेले. पुढची माहिती बरीचशी त्यांच्याकडून कळलेली आहे.

पहिलं म्हणजे रागाच्या भरात खातं रिकामं ठेवून गप्प बसू नका. खात्यात पैसे नसल्यामुळे ई-मँडेट परत गेलं तर चेक न वटल्यासारखीच केस होऊ शकते, पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा २००७ च्या कलम २५ खाली. आधी लेखी तक्रार करायची, आणि ती दोघांकडे. शिकवणीवाल्या कंपनीला एक ईमेल आणि फायनान्स कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला दुसरा. आम्ही आधी फक्त पहिल्यांशी भांडत बसलो, त्यात तीन महिने गेले.

रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ ला डिजिटल कर्जाचे नियम काढले. त्याप्रमाणे सही करण्याआधी कर्जाचा सगळा तपशील ठरलेल्या नमुन्यात द्यायला हवा, आणि मुद्दल व तेवढ्या दिवसांचं व्याज परत करून दंडाशिवाय कर्जातून बाहेर पडायची मुदत द्यायला हवी. तेव्हा ती किमान ३ दिवस होती, २०२५ च्या नव्या नियमांत किमान १ दिवसावर आली आहे. म्हणजे रात्री सही झाली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळीच हालचाल करा, १५ दिवसांच्या गोड शब्दावर राहू नका. वसुलीचे फोनही सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाहीत. ह्याचे स्क्रीनशॉट मी तारखेसकट ठेवले होते, ते कामाला आले.

फायनान्स कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उडवाउडवीचं दिलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (तक्रारी निवारणारा अधिकारी) त्यांच्या सीएमएस ह्या वेबसाइटवर तक्रार करता येते. तिला पैसे लागत नाहीत, चौकशीचा नंबर १४४४८ आहे. शिकवणीवाल्या कंपनीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. हेल्पलाइनवाले आदेश देऊ शकत नाहीत, ते फक्त कंपनीकडे तक्रार पोचवून मध्यस्थी करतात, पण तक्रारीचा नंबर हातात राहतो. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

आम्हाला आयोगात जावं लागलं नाही. काकांनी नोटीस लिहून दिली, त्यात व्हॉइस मेसेजमधलं वाक्य जसंच्या तसं घातलं. ‘टॅब आल्यापासून धरतात’, तारीख २३ जुलै, वेळ रात्री ९.४०. त्या हिशेबाने ३१ जुलैचा माझा ईमेल मुदतीत बसत होता. आधी ज्यांना वेळ नव्हता त्यांचा आठ दिवसांत फोन आला. डिसेंबरात उरलेलं ४४,००० चं कर्ज शिकवणीवाल्या कंपनीने बंद केलं आणि टॅब परत नेला. भरलेले ५,०००, दोन हप्त्यांचे ४,००० आणि बँकेचे ५९० मिळाले नाहीत. वन टू वन, मराठीतून, शाळेच्या पुस्तकाप्रमाणे, हे सगळं तो तोंडी बोलला होता. त्यातलं काहीही आम्हाला सिद्ध करता आलं नसतं. एक व्हॉइस मेसेज होता म्हणून सुटलो.

शिक्षण मंत्रालयाने २३ डिसेंबर २०२१ ला अशा ऑनलाइन शिकवणीवाल्या कंपन्यांबद्दल पालकांना सावध करणारं पत्रक काढलं होतं. खात्यातून आपोआप पैसे कापायला परवानगी देऊ नका, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. आमच्या शाळेच्या गेटवर ते टेबल लागलं तेव्हा त्या पत्रकाला दीड वर्ष झालं होतं. निदान पालकसभेत कोणी ते वाचून दाखवलं असतं. ज्यांच्या मुलांच्या शाळेबाहेर असं टेबल लागतं त्यांनी मुख्याध्यापकांना जाऊन विचारा की परवानगी कोणी दिली. मी जाऊन विचारलं, तेव्हापासून आमच्याकडे लागलेलं नाही.

आणि कर्ज बंद झालं की विसरून जाऊ नका. फायनान्स कंपनीकडून थकबाकी नसल्याचं पत्र मागून घ्या. आम्ही ते घेतलं, पण सिबिल, म्हणजे कोणी कर्ज वेळेवर फेडलं ह्याची नोंद, तपासलं नाही. मे २०२४ मध्ये मिस्टर गाडीच्या लोनसाठी गेले तेव्हा ऑक्टोबरचा तो हप्ता थकीत दिसला आणि फाइल परत आली. वर्षातून एकदा सिबिलचा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तो काढून चुकीच्या नोंदीवर ऑनलाइन तक्रार टाकता येते. ३० दिवसांत निकाली काढली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. आमची नोंद सत्ताविसाव्या दिवशी दुरुस्त झाली. गाडी आम्ही दिवाळीला घेतली.