नोकरी सांभाळून समाजशास्त्राची एम.ए. : खानदेशातून केलेल्या दूरशिक्षण अभ्यासक्रमाचे परीक्षण

दूरशिक्षणातून समाजशास्त्राची एम.ए. करावी का, असे आमच्याकडील शिक्षक, आरोग्यसेविका, ग्रामसेवक आणि पतपेढ्यांत काम करणारी मंडळी मला विचारत असतात. माझे उत्तर असे की ती जरूर करावी. मात्र या अभ्यासक्रमातले सर्वांत मोलाचे काम क्षेत्रकार्याचे, म्हणजे लोकांमध्ये जाऊन पाहण्याचे आणि नोंदी करण्याचे, आहे आणि त्याच कामात विद्यापीठाची मदत सर्वांत तोकडी पडते, हे प्रवेश घेण्यापूर्वीच माहीत असलेले बरे. विद्यापीठाचे आणि अभ्यासकेंद्राचे नाव मी येथे देत नाही, कारण माझा अनुभव एकाच केंद्राचा आहे आणि त्यावरून साऱ्या संस्थेला जोखणे न्यायाचे होणार नाही.

मी नंदुरबार जिल्ह्यात आरोग्य विभागात पर्यवेक्षिका आहे. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. भिल्ल, पावरा, कोकणा, मावची, तडवी अशा समाजांच्या पाड्यांवर काम करताना एक प्रश्न सतत समोर येतो : जवळ आरोग्य केंद्र असतानाही काही घरांतून गरोदर बाई बाळंतपणासाठी येत का नाही? आमच्या बैठकांमध्ये या प्रश्नाला बहुतेक वेळा ‘अज्ञान’ हे एकच उत्तर मिळते. त्या उत्तराने माझे समाधान होत नव्हते, कारण ज्या बायकांना मी ओळखत होते त्या अज्ञानी नव्हत्या. घरात हा निर्णय कोण घेते, बाई दवाखान्यात असताना लहान मुलांना आणि गुरांना कोण बघते, दाईवरचा विश्वास कुठून येतो, दवाखान्यातली भाषा तिला परकी वाटते का, हे प्रश्न नीट विचारण्याची पद्धत मला हवी होती. पदवी घेतल्यानंतर बऱ्याच वर्षांनी पुन्हा विद्यार्थिनी होण्याचे कारण एवढेच होते.

अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे आणि वेळ कमी पडल्यास तो अधिक कालावधीत पूर्ण करण्याची मुभा आहे. पहिल्या वर्षी समाजशास्त्रीय सिद्धांत, संशोधन पद्धती, भारतीय समाज आणि विकासाचे समाजशास्त्र हे विषय अनिवार्य असतात. दुसऱ्या वर्षाच्या ऐच्छिक विषयांतून मी सांस्कृतिक मानवशास्त्र आणि धर्माचे समाजशास्त्र निवडले आणि त्याला लघुप्रबंधाची जोड दिली. शुल्क मध्यम पगाराच्या माणसाला सहज झेपेल इतके आहे आणि पुस्तके त्यातच मिळतात.

पुस्तकांविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. युरोपीय सिद्धांतांचा भाग प्रामाणिकपणे लिहिलेला आहे. समाज ही व्यक्तींच्या बेरजेपलीकडची वस्तुस्थिती आहे, हा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीम यांचा विचार उदाहरणांसह नीट उलगडला आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ वेबर यांच्यावरील प्रकरणे मात्र मराठीत आणताना इतकी जड झाली आहेत की काही पाने मला इंग्रजी आवृत्ती शेजारी ठेवूनच वाचावी लागली. ज्यांना इंग्रजी वाचनाची सवय नाही त्यांच्यासाठी ही अडचण खरी आहे.

याउलट भारतीय समाजशास्त्राच्या इतिहासाचा खंड उत्तम आहे. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांनी समाजशास्त्राचा विभाग सुरू केला. १९२४ पासून मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी तो वाढवला आणि त्यांच्या हाताखाली इरावती कर्वे आणि म्हैसूरचे एम. एन. श्रीनिवास यांच्यासारखे विद्यार्थी तयार झाले. या विषयाची एक मोठी परंपरा आपल्याच राज्यात घडली, हे वाचताना विषयाविषयीचे परकेपण कमी होते. आदिवासींच्या भवितव्याविषयी घुर्ये आणि आदिवासींमध्ये राहिलेले मानवशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विन यांच्यात झालेला वाद तर नंदुरबारमध्ये राहून वाचण्यासारखा आहे. आदिवासी हे हिंदू समाजाचेच मागे राहिलेले घटक आहेत, असे घुर्ये मांडत होते, तर बाहेरच्या सावकार-ठेकेदारांपासून त्यांच्या जगण्याला संरक्षण हवे, असा एल्विन यांचा आग्रह होता. आज साताऱ्या-पुण्याहून बदलून आलेल्या अधिकाऱ्यांच्या बोलण्यातही मला हे दोन्ही सूर ऐकू येतात आणि कोणता सूर कुठून आला आहे हे आता ओळखता येते.

एका उणिवेचा उल्लेख मात्र ठामपणे करते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात मानवशास्त्रज्ञ अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात जातीच्या उत्पत्तीवर निबंध वाचला होता. स्वतःच्या गटातच लग्न करण्याचे बंधन हे जातीचे मर्म आहे आणि ते बंधन टिकवण्यासाठी स्त्रीवर सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह लादले गेले, ही मांडणी त्यात आहे. इतक्या मूलभूत विचाराला आमच्या पुस्तकात जेमतेम दोन परिच्छेद मिळाले आहेत. जातीवर स्वतंत्र प्रकरण असताना त्यात या निबंधाला मध्यवर्ती जागा मिळायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

सांस्कृतिक मानवशास्त्राचा पेपर हा माझ्या दृष्टीने साऱ्या अभ्यासक्रमाचा गाभा ठरला, आणि त्यातही नातेव्यवस्थेचा भाग. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अभ्यासात भारताचे नातेव्यवस्थेच्या दृष्टीने उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार विभाग मानले आणि महाराष्ट्र, गुजरात व राजस्थान यांना मध्य विभागात ठेवले. उत्तरेत जवळच्या रक्ताच्या नात्यात लग्न वर्ज्य मानले जाते, दक्षिणेत आते-मामे भावंडांचे लग्न इष्ट मानले जाते आणि मध्य विभागात या दोन्ही प्रवृत्ती मिसळलेल्या दिसतात. आमच्याकडे अनेक समाजांत मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क मानला जातो, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. ती केवळ आमच्या घराण्याची रीत नसून एका विस्तीर्ण प्रदेशाच्या रचनेतला धागा आहे, हे या पेपरने समजावले. त्याच पेपरात वधूमूल्याची चर्चा आहे. सातपुड्यातल्या पाड्यांवर वरपक्ष मुलीच्या घरी देज देतो आणि खाली तापीकाठच्या गावांत मुलीचा बाप हुंडा जमवण्यासाठी शेत गहाण ठेवतो. एकाच जिल्ह्यातल्या या दोन व्यवस्थांमध्ये बाईच्या श्रमाची किंमत कशी वेगळी लावली जाते, हे समजून घेण्याची साधने मला या पेपरामुळे मिळाली.

संशोधन पद्धतींच्या पेपरात सहभागी निरीक्षणावर चांगला भर आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात मानवशास्त्रज्ञ मॅलिनोवस्की पॅसिफिक महासागरातल्या ट्रोब्रिअँड बेटांवर दीर्घकाळ राहिले, तेथील भाषा शिकले आणि लोकांच्या रोजच्या व्यवहारात मिसळून त्यांनी नोंदी केल्या, तेव्हापासून क्षेत्रकार्य हा मानवशास्त्राचा पाया ठरला. नोंद कशी करावी, पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे कसे ठेवावे, आपली स्वतःची जात, पद आणि स्त्री असणे यांमुळे लोक आपल्याशी कसे वेगळे बोलतात हे नोंदीत कसे आणावे, याचे मार्गदर्शन पुस्तकात आहे. प्रौढ विद्यार्थ्याला नेमके हेच हवे असते. आपल्याजवळ अनुभव पुष्कळ असतो, पण तो शिस्तीने तपासलेला नसतो.

लघुप्रबंधासाठी मी कानबाई या खानदेशातल्या देवीच्या उत्सवाचा विषय घेतला. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशातल्या घराघरांत कानबाईची स्थापना होते आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर विसर्जन होते. सुरत आणि उधन्याकडे कामाला गेलेली कुटुंबे या दोन दिवसांसाठी गावी परततात. आमच्या भाऊबंदकीत घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू आणि हरभऱ्याची डाळ मोजून घेतली जाते, त्या पिठाचे रोट होतात आणि ते भाऊबंदांनीच मिळून खायचे असतात. या मोजणीतून भाऊबंदकी दरवर्षी स्वतःची शिरगणती करत असते, असा माझ्या प्रबंधाचा मुद्दा होता. घरात नुकताच जन्मलेला मुलगा मोजला जातो, सासरी गेलेली मुलगी मोजली जात नाही आणि ज्या दोन भावांचे बांधावरून बोलणे बंद आहे त्यांच्याही नावाची मूठ त्याच परातीत पडते. स्वयंपाकघरातल्या वडीलधाऱ्या बायकांना हा सारा हिशेब तोंडपाठ असतो, पण त्यांच्या स्वतःच्या नावाची मूठ त्यात नसते. सुरतेतच कानबाई बसवू लागलेल्या कुटुंबांचे नाव गावच्या मोजणीत ठेवायचे की नाही, यावर वडीलधाऱ्यांमध्ये झालेली चर्चा हा माझ्या नोंदींचा सर्वांत समृद्ध भाग ठरला. हे काम करताना मला जो आनंद मिळाला तो कोणत्याही प्रमाणपत्राहून मोठा आहे.

आणि नेमक्या याच ठिकाणी विद्यापीठाची व्यवस्था अपुरी पडली. लघुप्रबंधाचा ठरावीक नमुना सर्वेक्षणासाठी बनवलेला आहे. प्रतिसादकांची संख्या, प्रश्नावली, टक्केवारीची कोष्टके आणि गृहीतकाची सिद्धता या रकान्यांत दीर्घ निरीक्षणावर आधारलेले काम बसत नाही. एका पेपरात सहभागी निरीक्षणाचे महत्त्व शिकवायचे आणि प्रबंधाच्या वेळी कोष्टके मागायची, ही विसंगती दूर झालीच पाहिजे. माझा आराखडा ‘नमुना निवड स्पष्ट नाही’ या शेऱ्यासह परत आला. पुढे एका समंत्रकांनी, म्हणजे अभ्यासकेंद्रावर मार्गदर्शन करणाऱ्या प्राध्यापकांनी, स्वतः लक्ष घालून पद्धतीविषयीचे सविस्तर टिपण जोडण्याचा मार्ग सुचवला आणि आराखडा मान्य झाला. असे समंत्रक भेटणे हा सुयोगाचा भाग राहू नये.

संपर्क सत्रांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. ती रविवारी असतात, उपस्थिती कमी असते आणि बहुतांश वेळ परीक्षेत कोणते प्रश्न येतील यावर जातो. शहादा-अक्कलकुवा भागातून येणाऱ्या विद्यार्थ्याचा जाण्यायेण्यातच दिवस सरतो, त्यामुळे ही सत्रे ऑनलाइन आणि ध्वनिमुद्रित स्वरूपात मिळणे अगत्याचे आहे. स्वाध्यायांना गुण मिळतात, पण त्यांवर शेरे क्वचितच असतात. लिहिलेल्या उत्तरात काय चुकले हे न कळता केवळ आकडा हाती येणे प्रौढ विद्यार्थ्याला निराश करते, कारण तो गुणांसाठी आलेला नसतो. परीक्षेचे तीन तास सलग हाताने लिहिणे बऱ्याच वर्षांनंतर कठीण जाते. त्यासाठी स्वाध्याय टंकलिखित न देता हातानेच लिहावेत, असे मी सुचवीन.

विद्यापीठाच्या पुस्तकांवर थांबू नये. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात इतिहासाची जुनी कागदपत्रे जपलेली आहेत आणि जळगावच्या व. वा. जिल्हा वाचनालयात बसून वाचता येते. १८८० चे खानदेशचे गॅझेटिअर आता संगणकावर सहज वाचायला मिळते. त्यात जातीजमातींची वर्णने विस्ताराने आहेत, पण ती राज्यकर्त्यांच्या सोयीने केलेली वर्गवारी आहे. कोणत्या समाजाला त्यात गुन्हेगार ठरवले आहे आणि का, हे पद्धतींचा पेपर वाचल्यानंतर पुन्हा पाहावे. आदिवासी समाजांविषयी काम करायचे असेल तर पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संग्रहालय आणि ग्रंथालय एकदा अवश्य पाहावे. ही संस्था १९६२ पासून कार्यरत आहे.

पदवीच्या उपयोगाविषयी नेमकी माहिती असावी. मान्यताप्राप्त दूरशिक्षणातून मिळालेली पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. तरी आपण निवडलेल्या कार्यक्रमाला त्या वर्षासाठी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता आहे का, हे प्रवेशापूर्वी पाहावे. सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठीच्या नेट परीक्षेत समाजशास्त्र आणि मानवशास्त्र हे दोन स्वतंत्र विषय आहेत. समाजशास्त्राच्या एम.ए.मध्ये मानवशास्त्राचा एखादा पेपर घेतल्याने मानवशास्त्राच्या अध्यापकपदाचा मार्ग खुला होत नाही. ज्यांना तोच विषय पूर्णवेळ करायचा आहे त्यांनी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठासारख्या ठिकाणच्या मानवशास्त्र विभागाचा विचार करावा. सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठी नेटला कमाल वयाची अट नाही, हेही पन्नाशीकडे झुकलेल्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

माझ्या मते हा अभ्यासक्रम सर्वाधिक उपयोगाचा आहे तो लोकांमध्ये राहून काम करणाऱ्यांना : आरोग्यसेविका, प्राथमिक शिक्षक, अंगणवाडी पर्यवेक्षिका, कृषी सहायक, वनरक्षक. केवळ पगारवाढीसाठी किंवा नावापुढे पदवी लावण्यासाठी येणाऱ्याला सिद्धांतांची पुस्तके कंटाळवाणी होतील. अभ्यासकेंद्र निवडताना अंतरापेक्षा तेथे समाजशास्त्राचे पूर्णवेळ प्राध्यापक समंत्रक म्हणून आहेत का, हे आधी विचारावे. मागील वर्षीचे लघुप्रबंध पाहायला मिळतील का आणि निरीक्षणावर आधारलेला विषय मार्गदर्शक स्वीकारतील का, हेही प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी प्रत्यक्ष जाऊन विचारावे. या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली नाहीत, तर थोडे लांबचे केंद्र निवडणे अधिक हिताचे आहे.