राज्य कोणते, संघराज्य कोणते : ‘भारताचे संविधान’च्या मराठी प्रतीविषयी

‘भारताचे संविधान’ची मराठी प्रत मला दोनदा विकत घ्यावी लागली. पहिली एका लहान दुकानातून घेतली होती. घरी येऊन अनुच्छेद २४६क शोधला, तर तो तीत नव्हताच. वस्तू व सेवा कर आणणाऱ्या २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीपूर्वीची ती छपाई होती. संसद आणि विधानमंडळे यांच्यातील करविषयक अधिकारांची मांडणी ज्या दुरुस्तीने बदलली, ती वगळून संघराज्याचा अभ्यास करण्यात अर्थ नव्हता. घेणाऱ्याने म्हणून आधी प्रत कोणत्या तारखेपर्यंत अद्ययावत आहे ते पाहावे. अनुच्छेद १५ व १६ यांतील सहावे खंड, म्हणजे २०१९ मध्ये आलेले आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांचे आरक्षण, तीत आहेत का, एवढे दुकानातच उघडून पाहिले तरी पुष्कळ उलगडा होतो.

दुसरी, अद्ययावत प्रत मी इंग्रजी संहिता शेजारी ठेवून वाचली. भाषा जड आहे, पण ती बेफिकीर नाही. ‘निहित’, ‘अधिनियमित’, ‘प्रवर्धित’ असे शब्द कानाला खडबडीत लागतात. तरीही एका इंग्रजी संज्ञेला एकच मराठी संज्ञा देण्याची शिस्त अनुवादकांनी बहुतेक ठिकाणी पाळलेली दिसते आणि कायद्याच्या वाचकाला लालित्यापेक्षा या शिस्तीचाच उपयोग अधिक होतो. आपण बोलताना सर्रास ‘कलम’ म्हणतो, येथे मात्र सर्वत्र ‘अनुच्छेद’ आहे. चार पाने वाचली की त्याची सवय होते. उद्देशिकेत हिंदी संहितेप्रमाणे ‘पंथनिरपेक्ष’ न म्हणता ‘धर्मनिरपेक्ष’ म्हटले आहे, हे मला अधिक सरळ वाटते.

समानतेच्या बाबतीत मात्र मन थोडे अडते. उद्देशिकेत ‘दर्जाची व संधीची समानता’ आहे आणि अनुच्छेद १४ मध्ये ‘कायद्यापुढे समानता’ आहे. मराठीत या आशयाचा जुना आणि कमावलेला शब्द ‘समता’ हा आहे, डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली सुरू केलेल्या पाक्षिकाचे नावही ‘समता’ होते. ‘समानता’ ऐकताच सर्वांना एका मापाने मोजणे डोळ्यांसमोर येते, तर ‘समता’ म्हणताना विषम स्थितीतल्या माणसांना एका पातळीवर आणण्याचे कर्तव्यही त्यात येते. हा भेद केवळ शब्दप्रेमाचा नाही. मागासवर्गीयांसाठीची तरतूद हा समानतेला केलेला अपवाद आहे की समानतेचेच एक अंग आहे, यावर सर्वोच्च न्यायालयात दीर्घकाळ खल झाला आणि १९९२ च्या इंद्रा साहनी खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाच्या बहुमताने अनुच्छेद १६(४), म्हणजे मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत आरक्षणाची मुभा, हा १६(१) मधील समान संधीच्या हमीचा अपवाद नसल्याचे मान्य केले. ‘समता’ हा शब्द असता, तर मराठी वाचक या निष्कर्षाच्या निम्म्या वाटेवर आधीच पोहोचलेला असता, असे मला वाटते.

सर्वांत मोठी अडचण पहिल्याच भागाच्या शीर्षकात आहे. अनुच्छेद १ मध्ये भारत हा ‘राज्यांचा संघ’ असेल असे म्हटले आहे, आणि त्याच भागाचे शीर्षक ‘संघराज्य आणि त्याचे राज्यक्षेत्र’ असे आहे. म्हणजे इंग्रजीतील ‘युनियन’ या एकाच शब्दासाठी येथे दोन शब्द झाले, आणि त्यांपैकी ‘संघराज्य’ हा आपण राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात ‘फेडरेशन’साठी शिकलेलो आहोत. मसुदा समितीने ‘युनियन’ का निवडला, हे आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत स्पष्ट केले होते: हे संघराज्य घटक राज्यांच्या करारातून जन्मलेले नाही, आणि म्हणूनच कोणत्याही राज्याला त्यातून फुटून निघण्याचा अधिकार नाही. मराठी प्रत एकटीच वाचणाऱ्याला हा सगळा विचार शब्दांमागे दडून राहिल्याचे कळतच नाही. तो अनुच्छेद ३ वर येतो, तेव्हा संसद नवे राज्य निर्माण करू शकते, सीमा बदलू शकते आणि विधानमंडळाचे केवळ मत मागवावे लागते, हे वाचून गोंधळतो. २०१४ मध्ये आंध्र प्रदेशाच्या विधानसभेने विधेयक फेटाळूनही तेलंगण अस्तित्वात आले, ते याच अनुच्छेदाच्या बळावर. बेळगावच्या प्रश्नावर महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा समजून घेणाऱ्यांनी तर अनुच्छेद ३ आणि राज्यांमधील वाद थेट सर्वोच्च न्यायालयात नेण्याची तरतूद असलेला अनुच्छेद १३१ शेजारी शेजारी ठेवून वाचावेत.

‘राज्य’ या शब्दाचाही असाच घोळ आहे, फक्त तो मूळ इंग्रजीतूनच आलेला आहे. अनुच्छेद १२ प्रमाणे मूलभूत हक्कांच्या भागातील ‘राज्य’ म्हणजे भारताचे शासन व संसद, राज्यांची शासने व विधानमंडळे आणि स्थानिक प्राधिकरणेही. त्यामुळे तेथे नगरपालिकाही ‘राज्य’ ठरते. पुढे विधानमंडळांच्या भागात तोच शब्द महाराष्ट्रासारख्या घटक राज्यासाठी येतो. अनुवादकांनी पहिल्या अर्थासाठी ‘राज्यसंस्था’ घेतला असता, तर वाचकावर उपकार झाले असते. माझ्या प्रतीत मी आता पेन्सिलीने, घटक राज्य अभिप्रेत असेल तेथे समासात ‘घ’ लिहीत चाललो आहे. अनुच्छेद २१४ पर्यंत पोहोचलो आहे.