गडचिरोलीत एमए-एमएस्सीसाठी रूम: कॉम्प्लेक्सकडं, गावात, का रोजचं अपडाऊन?

अहेरी, एटापल्ली, सिरोंच्याकडून गोंडवाना विद्यापीठात एमए-एमएस्सीला येणारी पोरं-पोरी जुलैत किराया विचारत फिरतात आणि जिथं दोनतीनशे कमी तिथं सामान टाकतात. माझं म्हणणं आहे का किराया सगळ्यात शेवटी विचारा. आधी ही खोली मे महिन्यात कशी असन ते पाहा, मग भर पावसात कशी असन ते पाहा, काहून की बाकीचे दिवस कोणतीही खोली चालून जाते पण उन्हाळी परीक्षेचा अभ्यास त्या गरमीतच करावा लागते.

होस्टेलचा फॉर्म पहिले भराच. आदिवासी विकास आणि समाजकल्याण दोघांचीही शासकीय वसतिगृहं आहेत, नंबर लागला तं पुढचं वाचायची गरज नाही.

नाही लागला तं पहिला पर्याय गावातली सिंगल रूम, म्हणजे इंदिरा गांधी चौक, बस स्टँडच्या आजूबाजूला, घरमालकाच्या मागच्या अंगणात नाही तं वरच्या माळ्यावर. मेस जवळ, झेरॉक्स जवळ, रात्री उशिरा बसनं उतरलं तरी चालत घरी, आणि मालकाचं कुटुंब तिथंच राहते म्हणून मुलींच्या घरच्यांना बरं वाटते, ही गोष्ट लहान नाही. पण वरची खोली टिनाची असन तं नीट विचार करा. मेमध्ये दुपारभर तिथं पुस्तक उघडून बसणं होत नाही, आणि पाऊस जोरात आला का टिनावर एवढा आवाज होते का फोनवरचं बोलणं ऐकू येत नाही. कूलर लावीन म्हणाल तं आधी खिडकी पाहा, कूलर खिडकीत बसला पायजे आणि समोरून हवा बाहेर जायला जागा पायजे, नाही तं खोलीत नुसता दमटपणा. कूलरचं पाणी कुठून भरायचं तेही त्याच वेळी विचारा, उन्हाळ्यात नळाची वेळ आणि बोअरचं पाणी दोन्ही कमी होते.

आता मीटर. यावर थोडं जास्त लिहितो कारण इथंच पैसे जातात. महावितरणचा घरगुती दर टप्प्यानं चढते, पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० चा दर एकदम वर, ३०० च्या पुढं आणखी. दोनशे वॅटचा कूलर दहा तास चालला तं दोन युनिट, महिन्याचे साठ. तुमचं मीटर वेगळं असन तं पंखा, लाईट, लॅपटॉप, कूलर धरूनही तुम्ही शंभरच्या आसपासच राहता. पण मालकाचं घर आणि दोनतीन खोल्या मिळून एकच मीटर असन तं सगळ्यांचं मिळून तीनशेच्या पार जाते, आणि मग मालक जो एक दर लावते तो वरच्या टप्प्याचा असते. दोनशे रुपये स्वस्त रूम उन्हाळ्यात अशी महाग पडते. म्हणून मीटर डोळ्यानं पाहा, सबमीटर असन तं पहिल्या दिवशीच्या रीडिंगचा फोटो काढून ठेवा.

कॉम्प्लेक्सकडं, म्हणजे विद्यापीठाजवळच्या वस्तीत, तिघाचौघांत वन बीएचके घेतला तं डिपॉझिट मोठं लागते, पण माणशी किराया बहुतेक सिंगल रूमएवढाच येते, वरून स्लॅब, वेगळं मीटर, आणि डिपार्टमेंट जवळ. प्रॅक्टिकल संध्याकाळपर्यंत लांबलं तरी टेन्शन नाही. अडचण अशी का नवीन लेआउटला लागून धानाचे बांध आहेत, डास भयंकर, आणि राज्यातल्या मलेरियाच्या केसेसमध्ये गडचिरोली जिल्ह्याचा वाटा मोठा असते हे विसरू नका, मच्छरदाणी बांधायला खिळे आहेत का ते पाहूनच घ्या. मेस लांब पडते म्हणून स्वयंपाकाची पाळी लावावी लागन. पार्टनर मात्र अभ्यासवाला पाहा, चौघांत एक जण रात्रभर मोबाईलवर गेम खेळणारा निघाला तं सेमिस्टर गेलं.

अपडाऊन सगळ्यात स्वस्त यात वाद नाही, एसटीच्या विद्यार्थी पासमध्ये ६६.६७ टक्के सवलत आहे. आरमोरी, चामोर्शीवाल्यांनी पहिल्या सेमिस्टरला करून पाहायला हरकत नाही, विषय थिअरीचा असन तं. पण गोसेखुर्द धरणाचे दरवाजे उघडले का वैनगंगा फुगते, नाल्यांचं पाणी मागं दाबते आणि रस्ते बंद होतात, त्या दिवशी इंटर्नल परीक्षा असन तं काय कराल? सायन्सवाल्यांनी अपडाऊनच्या फंदात पडूच नये असं मला मनापासून वाटते.

तिन्ही पाहून माझं मत: दूरचे असाल आणि दोन भरवशाचे सोबती असतील तं कॉम्प्लेक्स. एकटी मुलगी असन, ओळखीचं कोणी नसन, तं गावातली खालच्या माळ्यावरची खोली, थोडा किराया जास्त देऊन.

आणि करार. "अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी कशाला" असं मालक म्हणतात, पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणं करार लेखी आणि नोंदणीकृत पायजे आणि ती जबाबदारी मालकाचीच आहे. होस्टेलला नंबर न लागलेल्या पोरांना राहण्या-जेवणाचे पैसे देणाऱ्या स्वाधार (समाजकल्याण) नाही तं स्वयं (आदिवासी विकास) योजनेचा फॉर्म भरणाऱ्यांना भाड्यानं राहत असल्याचा कागद लागतेच. मालक कागद द्यायला तयार नसन तं डिपॉझिट देऊ नका, दुसरी खोली पाहा.