हरिकेननंतर घरापुढचा ढिगारा: काउंटीच्या मोफत उचल सेवेचे परीक्षण

वादळ ओसरल्यावर फ्लोरिडातल्या घरांपुढे जे ढीग उभे राहतात, ते काउंटीने, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या स्थानिक प्रशासनाने, विनामूल्य उचलून नेणे ही इथली बहुधा सर्वांत जास्त लोकांच्या वाट्याला येणारी आपत्तीसेवा आहे. विम्याचा दावा मंजूर होवो वा न होवो, घर स्वतःचे असो वा भाड्याचे, रस्त्याच्या कडेला ठेवलेली फांदी आणि भिजलेली गादी उचलली जावी म्हणून कुणाकडे सहसा अर्ज करावा लागत नाही. २६ सप्टेंबर २०२४ च्या रात्री हेलीन आणि ९ ऑक्टोबरच्या रात्री मिल्टन, अशी दोन हरिकेन पाठोपाठ झेललेल्या पश्चिम किनाऱ्यावरील एका काउंटीत आम्ही राहतो, आणि त्या अनुभवावरून या सेवेचे हे परीक्षण लिहीत आहे. झाडोऱ्यासाठी ही सेवा उत्तम आहे, पुरात भिजलेल्या घरसामानासाठी ती अपुरी पडते, आणि खासगी रस्त्यांवर किंवा सदनिकांमध्ये राहणाऱ्यांपर्यंत ती फार उशिरा पोचते किंवा पोचतच नाही, असे माझे मत झाले आहे.

सेवा मोफत वाटली तरी तिचा पैसा कुठून येतो हे माहीत असले म्हणजे तिचे बरेचसे नियम आपोआप उलगडतात. राष्ट्राध्यक्षांनी मोठी आपत्ती जाहीर केली की ढिगारा हटवण्याच्या खर्चापैकी किमान ७५ टक्के वाटा केंद्राची फेमा ही आपत्ती व्यवस्थापन संस्था उचलते आणि उरलेला राज्य व स्थानिक प्रशासन मिळून भागवतात. बहुतेक किनारी काउंट्या वादळांचा हंगाम सुरू होण्याआधीच कंत्राटदारांशी दर ठरवून ठेवतात. कंत्राटदाराला पैसे मिळतात ते घनयार्डावर, म्हणून प्रत्येक ट्रकचा हौदा आधी मोजला जातो, त्याचे माप ट्रकच्या अंगावर लावले जाते, आणि ढिगारा उतरवायच्या जागेवर मचाणासारख्या उंच चौथऱ्यावर बसलेला निरीक्षक हौदा किती टक्के भरला आहे हे वरून पाहून पावतीवर नोंदवतो. लोखंडी पंजा असलेला ट्रक आणि त्यामागचा जोडहौदा मिळून १०० घनयार्डांचे माप सहज भरते; म्हणजे आपल्याकडच्या हिशेबाने सुमारे २७ ब्रास. सरकारी पैशाचा हिशेब इतक्या उघडपणे ठेवला जातो, याचे मला मनापासून कौतुक वाटते, कारण याच कामात पूर्वी फुगवलेल्या पावत्यांच्या तक्रारी होत आल्या आहेत.

या सेवेचा खरा कस लागतो तो ढीग लावण्यात, आणि ते काम पूर्णपणे घरमालकावर सोपवलेले आहे. झाडांच्या फांद्या, बुंधे आणि पाने यांचा एक ढीग; ड्रायवॉल (भिंतींना लावलेले जिप्समचे तक्ते), लाकूडकाम, गालिचे, फर्निचर अशा राड्यारोड्याचा दुसरा; फ्रीज, धुलाईयंत्र, वॉटर हीटर यांचा तिसरा; दूरदर्शन संच आणि संगणक वेगळे; रंगाचे डबे, कीटकनाशके, तेल, गॅसच्या टाक्या आणखी वेगळ्या. समुद्राने घरात आणून टाकलेली वाळू यांपैकी कशातही मिसळायची नाही. हे सगळे रस्त्यालगतच्या सार्वजनिक पट्ट्यात, पण अग्निशामक नळ, पाण्याचे मीटर, टपालपेटी आणि पावसाच्या पाण्याची जाळी मोकळी ठेवून, शिवाय विजेच्या तारांखाली किंवा झाडाच्या फांद्यांखाली येणार नाही अशा बेताने रचायचे असते, कारण वरून येणाऱ्या पंज्याला हालचालीला जागा लागते. पाने काळ्या पिशव्यांत बांधून ठेवली तर आत काय आहे हे कामगाराला दिसत नाही आणि अशा पिशव्या पुष्कळदा तिथेच राहतात. फ्रीजचे दार चिकटपट्टीने घट्ट बंद करूनच तो बाहेर ठेवावा. आतले अन्न सडलेले असते आणि लहान मुले आत अडकण्याचा धोकाही असतो.

नियम इतके स्पष्ट असूनही आमच्या भागात पहिल्या आठवड्यात जवळजवळ प्रत्येक घरापुढे एकच मिश्र ढीग होता, आणि त्याचा दोष मी रहिवाशांना देत नाही. ज्या घरात गुडघाभर खारे पाणी शिरले आहे तिथे चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत बुरशी धरू लागते, त्यामुळे माणसे हातात येईल ते बाहेर फेकत असतात; अशा वेळी सहा ढिगांचे पत्रक वीज नसलेल्या घरात भ्रमणध्वनीवर पाठवणे म्हणजे ते न पाठवल्यासारखेच आहे. हेच पत्रक, चित्रांसह आणि स्पॅनिशबरोबर इतर भाषांतही, हंगामाच्या आधी कागदावर छापून घरोघरी टाकायला हवे. आमच्या मराठी मंडळातल्या काही तरुणांनी शेवटी खडूने रस्त्याकडेला चौकोन आखून दिले, तेव्हा गल्लीतल्या वृद्ध जोडप्यांनाही काय कुठे ठेवायचे ते लगेच समजले.

वेगळे करण्याचा हा आग्रह कागदी नाही, हे ढिगारा पुढे कुठे जातो ते पाहिल्यावर पटते. फ्लोरिडाचा पर्यावरण विभाग तात्पुरत्या साठवण जागांना आधीच पूर्वमान्यता देऊन ठेवतो. तिथे निव्वळ झाडोरा प्रचंड यंत्रांत दळला जातो. त्याचे आकारमान साधारण चौथाईवर येते आणि तो भुगा बागांत, कचराभूमीवर आच्छादन म्हणून किंवा बॉयलरमध्ये इंधन म्हणून वापरता येतो. त्यात एक गादी किंवा प्लास्टिकची खुर्ची निघाली, तर तो भाग कचराभूमीतच जातो. ओल्या ड्रायवॉलमधले जिप्सम जमिनीखाली हवा नसताना कुजू लागले की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, आणि सडक्या अंड्यासारखा त्याचा वास कचराभूमीच्या आसपासच्या वस्तीला पुढे कित्येक महिने सोसावा लागतो. जुन्या कुंपणांच्या आणि धक्क्यांच्या हिरवट लाकडात तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक मुरवलेले असतात. असे लाकूड झाडांच्या फांद्यांबरोबर दळले गेले, तर ते विष थेट कुणाच्या तरी बागेच्या मातीत पोचते. खाऱ्या पाण्यात बुडालेली लिथियम बॅटरी, मग ती सायकलची असो वा मोटारीची, काही दिवसांनीही पेट घेऊ शकते, म्हणून ती ढिगात टाकणे म्हणजे ट्रकचालकाच्या जिवाशी खेळणे आहे. कत्रिना हरिकेननंतर २००५ साली लुईझियानाने फॉर्मोसन वाळवीचा फैलाव टाळण्यासाठी बाधित भागांतून लाकडी ढिगारा बाहेर नेण्यावर बंदी घातली होती, इतका हा विषय गंभीर आहे.

आता विलंबाविषयी. हेलीनचा डोळा आमच्यापासून बराच उत्तरेला, पेरी गावाजवळ किनाऱ्याला लागला, त्यामुळे वाऱ्याने तितकी झाडे पडली नाहीत; पण भरतीलाटेने किनाऱ्यावरील हजारो घरांची तळमजल्याची सामग्री रस्त्यावर आणली. तेरा दिवसांनी मिल्टन ‘सिएस्टा की’ या किनाऱ्यालगतच्या बेटावर धडकला तेव्हा त्यातला फार मोठा भाग अजून कडेलाच पडून होता. वाऱ्यात उडू शकणाऱ्या या सामानाची भीती इतकी होती की राज्यपालांनी ढिगारा उतरवण्याच्या जागा चोवीस तास चालू ठेवण्याचा आदेश दिला आणि राज्याच्या रस्ते विभागाचे ट्रकही कामाला लावले. तो निर्णय योग्यच होता, परंतु त्यातून काउंटीच्या सेवेची मर्यादा उघड झाली: तिची घडी झाडोऱ्यासाठी बसवलेली आहे. फांद्यांचा ढीग महिनाभर थांबला तरी फारसे बिघडत नाही. गाद्या, सोफे आणि ओले लाकूडकाम मात्र उंदीर, बुरशी आणि पुढच्या वादळाची वाट पाहत पडून राहते. माझ्या मते भिजलेल्या घरसामानाची पहिली फेरी झाडोऱ्याच्या आधी व्हायला हवी, आणि किनारपट्टीवरील गल्ल्यांना त्यात अग्रक्रम मिळायला हवा.

याहून गंभीर उणीव आहे ती सेवेबाहेर राहणाऱ्यांची. केंद्राचा पैसा मूलतः सार्वजनिक रस्त्याकडेच्या ढिगाऱ्यासाठी असल्यामुळे, फाटकाआडच्या वसाहतींतील खासगी रस्त्यांवर ट्रक आत येण्यासाठी वसाहतीच्या संघटनेचे प्रवेश-संमतीपत्र आणि वेगळी मंजुरी लागते. जिथे संघटनेने हे कागद आधी तयार ठेवले नव्हते तिथे लोक दीर्घकाळ ताटकळले. सदनिकांच्या इमारती व्यावसायिक मालमत्ता समजल्या जात असल्याने त्यांची उचल बहुधा मालकाच्या खर्चाने होते, आणि तो खर्च शेवटी भाडेकरूंच्या किंवा सभासदांच्या माथी येतो. नव्याने आलेली आपली कितीतरी मराठी कुटुंबे अशाच सदनिकांत राहतात. शिवाय सेवा रस्त्याच्या कडेपासून सुरू होते; भिजलेला गालिचा घरातून तिथवर ओढत नेणे सत्तरीच्या एकट्या बाईला शक्य नसते. ही पोकळी चर्च, गुरुद्वारा, मंदिरे आणि शेजारीपाजारी भरून काढतात, आणि हे काम करणाऱ्या स्वयंसेवकांना काउंटीने निदान मास्क, हातमोजे आणि जाड तळाचे बूट पुरवावेत, एवढी अपेक्षा रास्त आहे.

पडलेल्या झाडांसाठी खासगी सेवा घ्यावी का, असे अनेक जण विचारतात. अंगणात पडलेला आणि स्वतःला हलवता येणारा झाडोरा छोट्या तुकड्यांत कापून कडेला ठेवणे पुरेसे आहे. त्यासाठी पैसे मोजू नयेत. छपरावर रेललेले किंवा तारेत अडकलेले झाड मात्र परवाना आणि विमा असलेल्या माणसाकडूनच काढून घ्यावे, कारण ताणाखाली वाकलेले खोड करवत लागताच उसळते आणि वादळानंतरच्या दुखापतींत करवतीच्या जखमा नेहमी आढळतात. दारावर येऊन पूर्ण रक्कम आगाऊ मागणाऱ्याला काम देऊ नये, आणि तोडलेले लाकूड तोच घेऊन जाणार का हे करारात लिहून घ्यावे. कारण भाडोत्री कंत्राटदाराने कापलेला माल काउंटी अनेक ठिकाणी उचलत नाही. सर्वसाधारण घरविम्यात झाड हटवण्याचा खर्च थोड्या मर्यादेपर्यंत आणि बहुधा ते विमा असलेल्या इमारतीवर पडले असेल तरच मिळतो. पूरविमा असणाऱ्यांनी प्रत्येक वस्तूचे छायाचित्र, यंत्रांचे अनुक्रमांक आणि गालिच्याचा कापलेला तुकडा जपून ठेवल्याशिवाय काहीही कडेला नेऊ नये. ट्रक आला की पुरावाही त्याच्याबरोबर जातो.

उणिवा सांगितल्या तरी या सेवेचे मोल मला ठाऊक आहे, कारण माझे आजोळ श्रीवर्धन तालुक्यातले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगडचा किनारा झोडपला तेव्हा नारळी-पोफळीच्या पिढीजात वाड्या आडव्या झाल्या. रस्त्यांवरची झाडे बचाव पथकांनी आणि गावकऱ्यांनी हटवली, पण वाडीतले खोड ज्याचे त्यालाच उचलावे लागले. लाकूड कापण्याचे यंत्र भाड्याने मिळायला रांग, मजूर टाळेबंदीमुळे कमी, आणि नारळाचे खोड जळणाखेरीज फारशा उपयोगाचे नाही, अशा अवस्थेत कित्येक वाड्या पुढच्या पावसाळ्यापर्यंत तशाच पडून राहिल्या. तिथे उपटलेल्या पोफळींच्या जागी नवी लावण करण्याआधी जमीन मोकळी करणे हाच सर्वांत मोठा खर्च होता. दळणयंत्र तालुक्याच्या ठिकाणी फिरते ठेवले असते, तर त्याच झावळ्यांचे आच्छादन वाडीत परत गेले असते. फ्लोरिडाच्या सेवेतून कोकणाला उचलण्यासारखे काही असेल तर ते हे दळणयंत्र आणि आधीच ठरवलेले दर, असे मला वाटते.

ही सेवा वापरणाऱ्यांनी शेवटच्या फेरीची तारीख काउंटीच्या संकेतस्थळावर पाहत राहावी, कारण ती जाहीर झाल्यानंतर बाहेर ठेवलेला माल नेहमीच्या कचऱ्याच्या नियमांत मोडतो आणि त्याचे पैसे पडू शकतात. भिंती फोडण्याचे काम लांबले असेल तर त्या तारखेआधी निदान ड्रायवॉल बाहेर काढावे. वसाहतीच्या संघटनेचे सभासद असाल तर हंगाम १ जूनला सुरू होतो, त्यापूर्वीच्या सभेत प्रवेश-संमतीपत्राचा विषय घ्या आणि सही झालेली प्रत काउंटीकडे नोंदवून तिची पोच घ्या.