अ‍ॅम्बेसेडर-पद्मिनीच्या वायरिंगसाठी डायइलेक्ट्रिक ग्रीस: घ्यावं का?

जुन्या अ‍ॅम्बेसेडर, पद्मिनीच्या जोडांना सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस जरूर लावा. मराठवाड्यात तर व्हॅसलीनपेक्षा हेच बरं. मे महिन्यात पारा ४२च्या पुढे गेला की बॉनेटखालचं व्हॅसलीन वितळून ओघळतं. हे ग्रीस मात्र त्या उष्णतेतही जागचं हलत नाही.

पण हे ग्रीस वीज वाहून नेत नाही आणि गंजही काढत नाही. फक्त हवा आणि ओल आत येऊ देत नाही. म्हणून आधी बॅटरीची अर्थ वायर काढा. बुलेट कनेक्टर (गोळीच्या आकाराचे वायरचे जोड) ओढून काढा, पितळेवरचा हिरवा थर बारीक पॉलिश पेपरने पूर्ण घासून काढा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या. स्लीव्ह (बुलेट जिच्यात बसते ती नळी) सैल झाली असेल तर बदलाच, ग्रीसने पकड येत नाही. मग तुरीच्या दाण्याएवढं ग्रीस पुरे. जोड घट्ट असेल तर ते दोन धातूंच्या मधून आपोआप बाजूला सरतं. जास्त थापलं तर काळ्या मातीची धूळ चिकटत राहते.

बॅटरीचे टर्मिनल आधी घट्ट आवळा, ग्रीस नंतर वरून लावा. डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट, हॉर्न रिले, स्विचच्या आतले कॉन्टॅक्ट इथे मात्र अजिबात नको: ठिणगीने सिलिकॉन जळून वीज अडवणारा थर बसतो.

शेवटी हेडलाइट लावून बल्ब होल्डरचा अर्थ आणि बॅटरीचं अर्थ टर्मिनल यांच्यामध्ये मल्टिमीटर लावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर बॉडीवर अर्थ आवळलाय तिथला रंग खरवडा, पुन्हा मोजा.